अंगाऱ्याची जागा सलाईनने घेऊ नये



दिनांक ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. महाडच्या सत्याग्रहाचा विषय निघाला की या ठरावाचा उल्लेख होतो आणि तो पाण्याच्या संदर्भात होतो. परंतु त्या ठरावात केवळ पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा एवढ्यांचाच निर्देश नव्हता. सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने हेही त्याच ठरावात होते. पाण्याचा हक्क बजावण्यासाठी बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर गेले. दवाखान्याच्या पायरीवर मात्र त्या तोडीचा लढा गाजला नाही. तो दरवाजा कायद्याने, शिक्षणाने आणि आपल्या कष्टाच्या पैशाने हळूहळू उघडत गेला.

आज तो उघडा आहे. मग आपणास विचारावयाचा प्रश्न दुसराच आहे. दरवाजातून आत गेल्यावर आपल्या पदरात काय पडते? तेथे मिळणारा उपचार चांगला की वाईट, हे आपण कशावरून ठरवतो? की ठरवतच नाही?

हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलेले एक उदाहरण पुरेसे आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले होते. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत येईना. गावच्या नगरशेठने रदबदली केली, फीची हमी दिली, तेव्हा तो आला. पण बाईला वस्तीबाहेर आणा, या अटीवर. नुकत्याच बाळंत झालेल्या त्या बाईला वस्तीबाहेर नेण्यात आले. डॉक्टरने तापमापक नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याला दिली, नवऱ्याने बायकोला लावली आणि ती त्याच वाटेने परत गेली. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने नळी पाहिली, न्यूमोनिया झाल्याचे सांगितले, औषध पाठवून दिले आणि पुढे येण्याचे नाकारले. ती बाई मरण पावली.

या हकिकतीत एक गोष्ट नीट पाहा. त्या बाईला डॉक्टर मिळाला होता. निदान मिळाले होते, औषधही मिळाले होते. मिळाली नाही ती तपासणी. छातीला हात लागला नाही, नाडी पाहिली गेली नाही, तिला स्वतःला एक प्रश्नही विचारला गेला नाही. डॉक्टर मिळणे आणि उपचार मिळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा त्या मृत्यूचा धडा आहे. आणि तो आजही जुना झालेला नाही.

भिगवणचेच पाहा

पुणे–सोलापूर रस्त्यावरचे भिगवण हे आपल्या भागातील गजबजलेले गाव. एका अंगाला १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा पाणफुगवटा आणि त्यावरची मासेमारी, दुसऱ्या अंगाला ऊस, जवळ कागदाची गिरणी, रेल्वेचे स्थानक आणि रात्रंदिवस धावणारा हमरस्ता. अशा ठिकाणी माणसे आजारी पडतात तीही अनेक तऱ्हांनी. उसात साप चावतो, रस्त्यावर अपघात होतो, साठलेल्या पाण्याचे ताप येतात, कष्टाने कंबर जाते. गावात सरकारी आरोग्यसेवा आहे, खासगी दवाखाने आहेत. त्याहून मोठे दुखणे असले तर पंचवीस-तीस किलोमीटरवर बारामती आहे. तेथे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०१९ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुणे शंभर किलोमीटरच्या आसपास आहे.

याचा अर्थ असा की आपणास निवड आहे. आपल्या आजोबांना ती नव्हती. ज्याला निवड नाही त्याच्या पारखीला किंमत नसते. ज्याला निवड आहे आणि जो पारख करीत नाही, तो मात्र आपल्या मुलाबाळांचे नुकसान करतो. हे नुकसान दुहेरी आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात एक चुकीचा उपचार म्हणजे वाया गेलेले पैसे, बुडालेले आठ दिवसांचे काम आणि वाढलेले दुखणे. पुढे सावकार, मग दागिने, मग मुलाची शाळा. भिगवणातील अमुक दवाखाना चांगला आणि तमुक वाईट असा निवाडा आम्ही येथे देणार नाही. तो आपण द्यावयाचा आहे. तो कसा द्यावा, एवढाच आमचा विषय आहे.

जुनी सवय, नवे रूप

धम्माचा स्वीकार करताना आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देव्हारे गेले, नवससायास गेले, भगताचा अंगारा आणि देवऋषाचा उतारा गेला. आपण हे का सोडले? कारण मूल आजारी पडले, अंगारा लावला, मूल बरे झाले, म्हणून अंगाऱ्याने बरे झाले, हा तर्क खोटा आहे हे आपणास कळले. साधी सर्दी आणि साधा ताप बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपोआप ओसरतो. श्रेय मात्र जो मध्ये हात घालतो त्याला मिळते.

आता प्रामाणिकपणे विचार करा. आज आपण दवाखान्यात जातो आणि म्हणतो, “डॉक्टर, एक सुई द्या, अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा.” दोन दिवसांनी बरे वाटते आणि आपण शेजाऱ्याला सांगतो, की त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. हा तर्क अंगाऱ्याच्या तर्काहून निराळा कसा? हाताला गुण ही भाषाच मुळी देवऋषाकडून आलेली आहे. राखेच्या पुडीच्या जागी बाटली आली आणि दक्षिणेच्या जागी फी आली. विचार करण्याची रीत तीच राहिली. धर्मांतर हे मनाचे परिवर्तन असेल, तर ते दवाखान्याच्या बाकावरही दिसले पाहिजे.

सलाईनच्या बाटलीत असते काय? साध्या मिठाच्या सलाईनमध्ये एक लिटर पाण्यास नऊ ग्रॅम मीठ असते. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे शंभर उष्मांक. एका भाकरीची बरोबरीही तीत क्वचितच असेल. ज्याला तोंडाने पिता येत नाही, ज्याच्या अंगातले पाणी फार गेले आहे, ज्याचा रक्तदाब कोसळला आहे, त्याला ही बाटली प्राण देते. तेथे ती लावलीच पाहिजे. पण जो चालत दवाखान्यात आला आणि चहा पिऊन घरी गेला, त्याच्या अशक्तपणाला तिचा उपयोग नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशात मिळाला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी लोकांना पाजले. नातेवाइकांनीच ते पाजावे अशी व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. म्हणून लहान मुलाला जुलाब होत असता जो डॉक्टर आधी क्षारसंजीवनीची पुडी देतो, ती कशी कालवावी हे आईला समजावतो आणि कोणती लक्षणे दिसताच धावत यावे हे सांगतो, तो कमी उपचार करीत नाही. तो खरा उपचार करतो. अशा डॉक्टरला “हा काही देत नाही” म्हणून सोडून जाणारे आपणच आहोत, हेही विसरू नका.

पाच कसोट्या

मग पारख कशी करावी? बुद्धाच्या शासनात याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि संघाला सांगितले, की जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रुग्णाची सेवा करावी. त्यानंतर रुग्णाची सेवा करणारा कसा असावा याची पाच लक्षणे सांगितली. ती डॉक्टरसाठी सांगितलेली नाहीत, परिचारकासाठी आहेत. तथापि आजच्या दवाखान्याला ती जशीच्या तशी लावता येतात.

पहिले लक्षण, त्याला औषध देण्याचे ज्ञान असावे. आपल्या भाषेत याचा अर्थ असा, की त्याची पदवी कोणती आणि त्याची नोंदणी झाली आहे काय? ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे चिठ्ठीवर व पावतीवर नोंदणी क्रमांक असावा लागतो. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि ॲलोपॅथी यांच्या पदव्या वेगळ्या, परिषदाही वेगळ्या. पाटीवरची अक्षरे वाचा. न समजल्यास मुलीला वाचून दाखवायला सांगा. पदवी विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

दुसरे लक्षण, रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे त्याला कळावे. हे कळण्यासाठी आधी विचारावे लागते. दुखणे केव्हापासून, ताप कोणत्या वेळी चढतो, पूर्वी कोणते औषध सोसले नाही, बाई गरोदर आहे काय, साखर आहे काय, कामाचे स्वरूप काय? मग तपासावे लागते. मध्य प्रदेशातील खेड्यांत आणि दिल्लीत काही संशोधकांनी माणसांना रुग्णाची लक्षणे शिकवून दवाखान्यांत पाठवले आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्य प्रदेशात एका रुग्णाला सरासरी चार मिनिटेही मिळत नव्हती आणि विचारावयास हवे होते त्यातले बरेचसे प्रश्न विचारलेच जात नव्हते. काठेवाडच्या डॉक्टरने विटाळ मानून हात लावला नाही; आजचा डॉक्टर घाईने लावत नाही. कारण निराळे असले तरी आजारी माणसाच्या दृष्टीने फळ एकच. म्हणून दवाखान्यातून बाहेर पडताना पहिला प्रश्न स्वतःला विचारा: डॉक्टरने आपल्याला हात लावून तपासले काय?

तिसरे लक्षण, त्याने सेवा करुणेने करावी, लाभाच्या लोभाने नव्हे. डॉक्टरने फी घेऊ नये असा याचा अर्थ नाही. त्यालाही संसार आहे. परंतु फी आणि लोभ यांत भेद आहे. गरज नसता तपासण्या लिहिणे, ठराविक दुकानातूनच औषध घ्यावयास लावणे, मोठ्या रुग्णालयात पाठवून त्यातला कट घेणे, हा लोभ होय. ही केवळ रुग्णांची कुरकूर नाही. पुण्याच्या डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांचे अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि डॉक्टरांनीच हे रोग उघड केले.

चौथे लक्षण, त्याला मलमूत्र, वांती, थुंकी यांची किळस नसावी. पाचवे, रुग्णाला धीर देणारे, समजावणारे बोलणे त्याला यावे. कोणता आजार आहे, औषध किती दिवस घ्यावयाचे, गुण न आल्यास केव्हा परत यायचे, हे ज्याने आपल्या भाषेत सांगितले नाही त्याचे अर्धे काम राहिले. आमच्या आयाबहिणींना पुष्कळदा “तुला काय कळतंय, गोळ्या घे” असे एकेरीत सुनावले जाते. ही केवळ उर्मट वागणूक नव्हे. ती वैद्यकीय उणीव आहे. ज्या बाईला औषधाचे प्रमाण समजले नाही, ती ते चुकीचे घेणार.

या पाचही लक्षणांना उतरणारा डॉक्टर कल्पनेतला आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ज्या महाडात पाण्याचा संगर झाला, त्याच महाडात डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत. जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाने मुले दगावताना त्यांनी पाहिली. मोठी यंत्रे नव्हती. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसले, लक्षणे पाहिली, नोंदी केल्या, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर चालते हे जगाला दाखवून दिले. विंचवाने मरणारी माणसे वाचू लागली. तोच डॉक्टर २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून आलेला बाराशे रुपयांच्या कटाचा धनादेश परत करतो आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रारही करतो. चांगला उपचार इमारतीवर अवलंबून नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

ऊसतोडणीच्या बायांचे उदाहरण

पारख न करण्याची किंमत किती असते, हे ऊसतोडणीच्या बायांकडून शिकावे. दरवर्षी मराठवाड्यातून कोयते घेऊन हजारो कुटुंबे आपल्या बारामती-इंदापूरच्या कारखान्यांच्या फडांत येतात. त्यांत आपल्या समाजाची कुटुंबेही आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींचे वय चाळिशीच्याही आत होते. पुष्कळजणींची तक्रार पोटात दुखण्याची आणि अंगावरून जाण्याची होती, आणि त्यांना पिशवी काढा, नाहीतर कर्करोग होईल, असे भय घालण्यात आले होते. पुढे बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचा नियम आला.

त्या बायांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. आजारपणाचा खाडा पडला तर मुकादमाकडे दंड भरावा लागतो, तळावर न्हाणी नाही, पाणी नाही. अशा स्थितीत एकदाचे दुखणे संपवावे असे कोणालाही वाटेल. पण यातून नियम शिकावयाचा तो हा: प्राण तत्काळ धोक्यात नसेल, तर अवयव काढण्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयातील डॉक्टरला, दाखवल्यावाचून करू नये. आपले तपासणीचे कागद मागून घ्यावेत आणि दुसऱ्याचे मत घ्यावे. हा आपला हक्क आहे. त्याने पहिल्या डॉक्टरचा अपमान होत नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे

१९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, ज्याचे नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले, दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. एवढेच नव्हे, तर प्रवेश दिल्यावर आत भेदभाव करणे हाही गुन्हा ठरवला. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात रुग्णालय, दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा उल्लेख आला. “तुम्ही बौद्ध झालात, आता तुम्हाला हा कायदा नाही,” असे कोणी सांगितल्यास फसू नका. १९९० साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचा दर्जा परत मिळाला आहे. त्याप्रमाणे जातीचा दाखला मात्र काढून ठेवा. भेद आता उघड बोलून होत नाही. आडनाव विचारून मागे बसवले जाते, लांबून पुडी टाकली जाते, आरोग्यसेविका वस्तीच्या तोंडापर्यंत येऊन परत जाते. ११ राज्यांतील ५६५ खेड्यांच्या पाहणीवर आधारित असा एक ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे एक तृतीयांश खेड्यांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे टाळतात, असे त्यात नमूद आहे. तेव्हा वस्तीवर कोण आले, कोणत्या घरी गेले, कोणते घर टाळले, याची नोंद ठेवणे हे आपलेच काम आहे.

सर्वांना समान असणारे हक्कही जाणून घ्या. अपघात झाल्यास प्रथम प्राण वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ साली ठरले. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि तेथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. २०२१ च्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या खासगी रुग्णालयाने दरांचा फलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावली पाहिजे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरकडे दाखल रुग्णाच्या उपचाराचे कागद मागितले, तर ते ७२ तासांत द्यावे लागतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची मर्यादा २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये झाली. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रुग्णाला आत नेण्यापूर्वी, पैसे भरण्यापूर्वी, प्रथम त्याला गाठा.

आपलेही कर्तव्य

हक्कांबरोबर कर्तव्य येते. महावग्गात सेवकाची लक्षणे सांगितली आहेत, तशीच चांगल्या रुग्णाचीही पाच सांगितली आहेत: जे हितकर तेच करणे, प्रमाण ओळखणे, औषध घेणे, दुखणे खरे सांगणे आणि वेदना सोसणे. आपण दारू पितो हे डॉक्टरपासून लपवतो. भगताकडे जाऊन आल्याचे लपवतो. दुसऱ्या दवाखान्यातून घेतलेल्या गोळ्या लपवतो. साप चावल्यावर मांत्रिकाकडे दोन तास घालवून मग १०८ ला दूरध्वनी करतो आणि दोष डॉक्टरला देतो. क्षयाच्या गोळ्या सरकार फुकट देते. त्या महिने न् महिने न चुकता घ्यावयाच्या असतात, आपण खोकला थांबताच सोडतो. दुःखाचे कारण खरे सांगितल्यावाचून त्याच्या निरोधाचा मार्ग कोण दाखवणार?

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. रुग्ण दगावला म्हणून डॉक्टरवर हात उगारणे हा न्याय नव्हे. २०१० च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि आपल्या धम्माला तर तो मुळीच शोभत नाही. उत्तम उपचार होऊनही माणूस जातो, निकृष्ट उपचार होऊनही माणूस बरा होतो. म्हणून एका मृत्यूवरून डॉक्टर वाईट ठरत नाही आणि एका गुणावरून चांगला ठरत नाही. कालाम लोकांना भगवंतांनी सांगितले, की ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. दवाखान्याच्या बाबतीत निंदाही ऐकीव नको आणि स्तुतीही ऐकीव नको.

विहारात एक वही ठेवा

यासाठी आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पौर्णिमेला आपण विहारात जमतो. वंदना झाल्यावर अर्धा तास आरोग्यासाठी द्यावा. एक वही ठेवावी. ज्या घरात महिन्याभरात आजारपण झाले, त्या घरातील मुलीने किंवा मुलाने तीत सहा गोष्टी लिहाव्यात: डॉक्टरने काय विचारले, हाताने तपासले काय, आजाराचे नाव सांगितले काय, चिठ्ठी व पावती दिली काय, एकूण खर्च किती आला आणि गुण केव्हा आला. कोणाला ज्या आजाराची वाच्यता नको असेल त्याने तो लिहू नये. वही गावात फिरवू नये, कोणाची बदनामी करण्यास वापरू नये. वर्षभरात अशा शंभर नोंदी झाल्या, की गावातील कोणता दवाखाना कसा आहे हे कोणाच्या शब्दावर अवलंबून राहणार नाही. ज्यांचे काम चांगले, त्यांना पुढाऱ्यांनी नव्हे तर आयाबहिणींनी जाऊन तसे सांगावे. चांगल्या डॉक्टरला पाठबळ मिळाले तरच तो लोभाच्या स्पर्धेत टिकेल. जेथे उणीव दिसेल तेथे प्रथम डॉक्टरला भेटून बोलावे, मग लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.

ही कल्पना हवेतली नाही. २००७ पासून सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख करावी असा उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे जिल्हा होता. जनसुनवाईत खेड्यातल्या बाया उभ्या राहून अधिकाऱ्यांना प्रश्न विचारीत होत्या. जे त्यांना जमले ते भिगवणच्या, इंदापूरच्या, बारामतीच्या भगिनींना का जमू नये?

बंधूंनो आणि भगिनींनो, एके काळी आपण दवाखान्याच्या बाहेर उभे होतो आणि आत जाऊ द्या म्हणत होतो. आज आपण आत आहोत. आत येऊन हात जोडून बसणे एवढ्यासाठी तो हक्क मिळालेला नाही. डॉक्टरला देव मानू नका आणि चोरही मानू नका. तो ज्ञान शिकलेला माणूस आहे, त्याच्याशी माणूस म्हणून बोला. विचारा, समजून घ्या, कागद जपून ठेवा. येत्या पौर्णिमेला आपल्या विहारात ती वही सुरू होऊ द्या, आणि तिच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद आपल्या घरच्या लेकीच्या हातची असू द्या.